परमिट कुणाच्या नावावर

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या गावच्या शाळेत एक साहेब भाषण द्यायला आले होते. विषय करिअर. अंगात कोट, हातात रिमोट, पडद्यावर चित्रं. मी तारामती, गावात पिठाची गिरणी चालवते. शाळा समितीत आहे म्हणून मलाही पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली होती. साहेब पोरांना सांगत होते की जो मनापासून राबतो त्याचा पत्ता विचारत संधी दारात येते. केलेल्या कामाचा पुरावा जपा म्हणाले, प्रत्येकानं आपल्या कामाची एक फाईल करा म्हणाले. एवढ्यात माईक बंद पडला आणि पडदा काळा झाला.

मुख्याध्यापकांनी सवयीनं हाक मारली, "गोरोबा!"

गोरोबा सगळ्यात मागं भिंतीला टेकून उभा होता. त्याची पोरगी नववीत आहे, तिच्या भविष्याचं काही कानावर पडेल म्हणून आला होता बिचारा. तो गेला, बोर्ड उघडला, बाहेर खांबापाशी जाऊन काहीतरी बघून आला आणि दहा मिनिटांत माईक सुरू झाला. साहेब खूश झाले. म्हणाले, "या वायरमनदादांसाठी जोरात टाळ्या!" पोरांनी वाजवल्या. तेवढ्यात आमचे सरपंच कृष्णराज खुर्चीतूनच म्हणाले, "सायेब, वायरमन न्हाय त्यो. झिरो हाय, झिरो."

सगळे हसले. गोरोबाही हसला. तो हसला म्हणून माझं डोकं जास्त फिरलं. त्याच्या पोरीनं तेवढी मान खाली घातली.

झिरो म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. विजेच्या कंपनीचा खरा वायरमन एक आणि त्याच्या माथी गावं सात-आठ. तो एकटा कुठं कुठं पुरणार? मग तो गावातलाच एखादा धडपड्या माणूस हाताशी धरतो. खांबावर चढायचं या माणसानं आणि कागदावर सही करायची खऱ्यानं. याला पगार नाही, विमा नाही, धड हातमोजे नाहीत, कंपनीच्या कुठल्याच यादीत याचं नाव नाही. म्हणून तो झिरो. हे कंपनीला माहीत असतं, गावाला माहीत असतं, आणि सगळे मूग गिळून बसतात, कारण सगळ्यांची सोय त्यात असते.

गोरोबा लिंबाजी सुरवसे बाविसाव्या वर्षी झिरो झाला. तेव्हाच्या वायरमननं त्याला शिडी धरायला बोलावलं आणि सांगितलं, "शिकून घे, पुढच्या भरतीत चिकटवून टाकू तुला." पोरगं दहावी पास, हाताला चलाख, डोक्याला शांत. महिन्याभरात शिडी धरणारा शिडीवर गेला आणि वायरमन खाली बिडी ओढत बसायला लागला. पुढं वायरमन बदलले. बावीस वर्षांत आत्ताचा धरून पाच झाले. प्रत्येकानं जाताना गोरोबाला पुढच्याच्या हवाली केलं, शिडी आणि पकडीबरोबर हेही एक सामान म्हणून. आणि प्रत्येकानं तेच सांगितलं, पुढच्या भरतीत बघू.

त्याचं लग्न जमलं तेही वायरमन म्हणूनच. बायको सोनाली, तिचे वडील ईट गावचे. चौकशीला आले तेव्हा पाराजवळ भेटेल त्यानं सांगितलं, "वायरमन हाय, पोरगं सोन्यासारखं हाय." ते माझ्याकडंही आले होते. मीही तेच सांगितलं. खोटं बोलतोय असं मनातसुद्धा आलं नाही, कारण आमच्या दृष्टीनं तो वायरमनच होता की. लग्नाला महिना होत आला तेव्हा सोनाली दळण घेऊन आली, इकडं तिकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "आक्का, ह्यांचा पगार किती तारखेला होतो वो?" मी डब्यातलं पीठ नुसतंच सारखं करत राहिले.

सुगीत घरटी पायलीभर ज्वारी, कुठं चहा, कुठं पोरीला जुनी वह्या-पुस्तकं, दिवाळीला कुणी दिला तर शर्टाचा कपडा. एवढ्यावर आणि दीड एकराच्या तुकड्यावर त्या दोघांनी संसार ओढला. आणि काम कसं? गावात कुणाचा दिवा मिणमिणला तरी गोरोबा. बाळंतीण घरी आली, पंखा फिरेना, गोरोबा. येडेश्वरीच्या यात्रेला अर्धं गाव येरमाळ्याला निघालेलं, आणि हा डीपीवर उडालेला फ्यूज बसवत उभा, का तर मागं राहिलेल्यांना पाणी भरायचं होतं.

एक गोष्ट मात्र त्यानं कधी मोडली नाही. परमिट घेतल्याशिवाय तो मोठ्या लाईनच्या खांबाला हात लावत नसे. परमिट म्हणजे सबस्टेशनला फोन करून लाईन बंद करून घ्यायची. ज्याच्या नावावर परमिट, त्याचं नाव तिथल्या रजिस्टरला चढतं, आणि तो माणूस काम झालं म्हणेस्तोवर लाईन चालू होत नाही. फोन गोरोबा करायचा, जीव गोरोबाचा टांगलेला असायचा, नाव मात्र खऱ्या वायरमनचं सांगायचं. बावीस वर्षांत शेकड्यांनी परमिटं झाली असतील. त्या रजिस्टरात गोरोबा सुरवसे हे नाव एकदाही नव्हतं.

एवढी काळजी घेऊनही एकदा त्याला बसला. शेजारच्या वस्तीवर कुणीतरी जनरेटर चुकीचा जोडला होता, बंद लाईनीत त्याचा उलटा करंट आला. डाव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून वाकत नाहीत. दवाखान्यात त्या वेळचा वायरमन पळत आला. मला वाटलं विचारपूस करायला आला. तो त्याच्या कानाशी लागून म्हणाला, "घरातला पंखा दुरुस्त करताना बसला म्हणून सांग." आणि यानं डॉक्टरला तसंच सांगितलं! सोनाली तिथंच उभी होती. त्या बाईनं तेव्हा काय गिळलं असेल ते तिचं तिला माहीत.

तर त्या कोटवाल्या साहेबाचं भाषण गावात एकानंच मनावर घेतलं, गोरोबानं. पुढच्या बाजारला बेंबळीला जाऊन त्यानं निळ्या प्लास्टिकची, बटणाची फाईल आणली. मला दाखवायला गिरणीत आला. आत दहावीची मार्कलिस्ट आणि आधार कार्डाची झेरॉक्स. बाकीचे कप्पे रिकामे.

"कामाचा पुरावा ठिवायचा म्हनलं त्ये सायेब," तो म्हणाला.

"तुझा पुरावा वर बघ," मी म्हणाले, "खांबाखांबावर लोंबतोय."

तो हसला. माझी चेष्टा त्याला कधी लागत नाही, हा एक त्याचा मोठाच दोष आहे.

दसरा झाला आणि खरंच संधी आली. कंपनीचं काम ठेक्यानं घेणारी एक एजन्सी धाराशिवला लाईनसाठी माणसं भरत होती. वय पंचेचाळीसच्या आत, दहावी पास आणि तीन वर्षं लाईनच्या कामाचा अनुभव. अनुभवाचा दाखला ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर असला तरी चालणार होता. दर महिन्याला पगार, पीएफ, विमा, डोक्यावर हेल्मेट. मुदत नोव्हेंबरअखेर. गोरोबाला जानेवारीत पंचेचाळीस पूर्ण होणार होती. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. आणि लागत होतं काय? चार ओळींचा एक कागद, की हा माणूस आमच्या गावात लाईनचं काम करतो.

तो आधी खऱ्या वायरमनकडं गेला. हल्ली मुळे म्हणून आहेत. मुळे म्हणाले, "येड्या, म्या लिवून दिलं तर माझीच नोकरी जाईल. तू खांबावर चढतूस ह्ये कागदावर येताच कामा न्हाय." म्हणजे चढलेलं चालतं, लिहिलेलं चालत नाही.

मग ग्रामसेवकाकडं. त्यांनी असं पद पंचायतीत नाही म्हणून हात वर केले. मग सरपंचाकडं. कृष्णराजांनी त्याला चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "लिवलं आस्तं रे. पन उद्या चौकशी लागली मंजी? गावात कुनाकुनाच्या लाईनी तू वडल्या, कुनाचं आकडं तू टाकलं, समदं भाईर निघंल. गाव गोत्यात यील. तू गावाचं वाईट चितनार हाईस का?"

हा मुद्दा त्यांनी बरोबर पकडला होता. आमच्या गावात असं घर नाही ज्याची एखादी वायर कागदाबाहेरची नाही. लोकांनी हातापाया पडून ती गोरोबाकडून ओढून घेतली होती. शेजारधर्म म्हणून त्यानं करून दिलं, आणि तोच शेजारधर्म आता त्याच्या गळ्याला लागला होता.

शेवटी त्यानं स्वतःच एका कागदावर लिहून काढलं, 'आम्ही खाली सह्या करणार ग्रामस्थ लिहून देतो की', आणि घरोघर फिरला. बावीस वर्षं ज्या दारांत तो शिडी घेऊन गेला त्याच दारांत कागद घेऊन गेला. कुणाला शेतात जायची घाई, कुणाला मुलाला विचारायचं होतं, कुणी म्हणालं आधी सरपंचाची सही आण. एकानं तर सही केली आणि दुपारी येऊन खोडून गेला.

चौथ्या दिवशी तो माझ्याकडं आला. इथवर मी लोकांना शिव्या घालतेय, आता माझी पाळी. माझ्या गिरणीला लागणारी मोठी लाईन ओढ्याकडच्या खांबावरून दोन खांब टाकून आणली आहे. मंजुरीची वाट बघत वर्ष गेलं होतं, तेव्हा मीच गोरोबाच्या मागं लागून ती ओढून घेतली. कागद अजून झालेला नाही. गोरोबानं सहीचा कागद पुढं केला आणि मला आधी ते दोन खांब दिसले. मी म्हणाले, "उद्या बघू रे. चष्मा घरी राहिलाय."

चष्मा माझ्या डोक्यावर होता. त्यानं तो बघितला. "बरं आक्का," म्हणाला आणि कागद घडी करून फाईलमध्ये ठेवला. त्या 'बरं'मुळं मला त्या रात्रीपासून जेवण गोड लागलेलं नाही.

दिवाळीनंतर गोरोबानं चढायचं बंद केलं. भांडण नाही, तमाशा नाही. मुळेंना फोनवर सांगितलं, "म्या आता चढत न्हाय. तुमचं तुमी बघा." झालं. आणि मग आमच्या गावाला वाचा फुटली बघा! चार ओळी लिहायला ज्यांचे हात लुळे पडले होते त्यांच्या जिभा वळवळायला लागल्या. माजलाय म्हणाले. गावानं सांभाळलं त्याची जाण नाही म्हणाले. कुणी सांभाळलं? पायलीभर ज्वारी देऊन? मी पाराजवळून जाताना एकाला थांबवून विचारलंही, "तुझा पोरगा चढतो का फुकट? चढव की." तो म्हणाला, "आक्का, तुमी कशाला तोंड घालताव?" सही न केलेल्या बाईला हा प्रश्न विचारायचा त्याचा हक्क होता.

गोरोबा दुपारी गिरणीच्या पायरीवर येऊन बसायचा. रिकामे हात मांडीवर ठेवलेले. मी एकदा विचारलं, "तुला राग येत न्हाय का रे?"

"येतो की. पन काढू कुनावर? समदे आपलेच हायत."

आपलेच! त्याच्याऐवजी मीच ओरडले, गिरणीच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही एवढंच.

नोव्हेंबरच्या मध्यात ओढ्याकाठच्या खांबावर शेतीच्या लाईनचा जंप तुटला, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा. तीन दिवस सगळ्या मोटारी बंद. ऊस, हरभरा पाण्याला आलेला. मुळे लातूरला कुणाच्या तरी लग्नात. गावातले सात-आठ जण पायरीवर येऊन गोरोबापुढं उभे राहिले. तो म्हणाला, "चढतो. पन लिवून द्या, गोरोबा आमच्या गावचा वायरमन हाय, त्यानं येऊन लाईन जोडावी. अर्ज द्या मला."

त्या क्षणी कुणी वहीचं पान फाडून चार ओळी खरडल्या असत्या तर पुढचं काही झालं नसतं. कृष्णराज म्हणाले, "चला रे. ह्याच्यावाचून काय आडलं न्हाय." त्यांचा पुतण्या श्रीशैल, एकवीस वर्षांचा, नुकताच आयटीआय झालेला. त्याला त्यांनी शिडी लावून खांबावर चढवलं. परमिट मुळेंनी लातूरहून फोन करून घेतलंय म्हणाले.

खांब माझ्या गिरणीच्या दारातून सरळ दिसतो. मी दळण टाकत होते, गोरोबा पायरीवर. पोरगं शिडी संपवून वर सरकलं तसा गोरोबा ताडकन उठला. "आक्का, तुमची गिरनी चालू हाय?"

"दिसत न्हाय का?"

त्या एका खांबावरून दोन लाईनी जातात. खालची शेतीची, वरची गावठाणाची, आणि माझी गिरणी वरच्या लाईनवर चालते. परमिट फक्त खालचीचं घेतलं होतं. वरची जिवंत होती आणि श्रीशैलचं डोकं तिच्यापासून हातभर खाली होतं. हे गावात एकाच माणसाला माहीत, कारण वरची लाईन ओढली तेव्हा त्या खांबावर तोच होता.

तो "हालू नको, श्रीशैल! हाय तसाच बस!" असं ओरडत अनवाणी पळाला. पळतानाच त्यानं सबस्टेशनला फोन लावला, नंबर त्याला तोंडपाठ. मी त्याच्या मागं. फोनवर कुणी नव्या मॅडम होत्या, त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"मॅडम, गावठान फीडर पाडा. मानूस खांबावर हाय."

"परमिट कुणाच्या नावावर?"

"आदी पाडा, मंग इचारा!"

मागं माझ्या गिरणीचा पट्टा ढिला पडत पडत थांबला.

"पाडलाय," मॅडम म्हणाल्या. "आता नाव सांगा. रजिस्टरला लिहावं लागतं."

मी त्याच्याकडं बघत होते. बावीस वर्षांची सवय, मुळेंचं नाव त्याच्या ओठावर आलेलं मला दिसलं. मग तो म्हणाला, "गोरोबा लिंबाजी सुरवसे."

"पद?"

"त्ये तुमीच लिवा काय लिवायचं त्ये."

श्रीशैल वर खांबाला मिठी मारून थरथरत होता, त्याला उतरता येईना. गोरोबा वर गेला, त्याला एकेक पाय धरून शिडीवर घेतला आणि खाली सोडला. आणि मग, वर गेलाच होता म्हणून, तुटलेला जंपही जोडून आला. खाली टाळ्या. "शेवटी आपलाच मानूस!" कृष्णराज मोठ्यानं म्हणाले. पाच मिनिटांत सगळे आपापल्या मोटारी चालू करायला पसार झाले. शिडी उचलायलासुद्धा एक जण थांबला नाही. ती मी आणि गोरोबानं उचलून आणली.

आठवडाभरानं श्रीशैल पेढे घेऊन गिरणीत आला. एजन्सीत लागला होता. अनुभव तीन वर्षांचा लागतो ना रे, मी विचारलं. त्यानं मान खाली घालून मोबाईलवर फोटो दाखवला. ग्रामपंचायतीचं लेटरहेड, कृष्णराजांची सही, गोल शिक्का. 'सदर युवक गेली तीन वर्षे गावातील दिवाबत्ती व वीज दुरुस्तीचे काम समाधानकारकरीत्या करीत आहे.' तीन वर्षांपूर्वी हा युवक कॉलेज बुडवून क्रिकेट खेळत होता.

"म्या न्हाय मागितलं आक्का, काकानं आनून दिलं," तो म्हणाला. पोरगं वाईट नाही. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती त्या चार ओळींमुळं. दिवाबत्तीचं काम! इतकं सोपं होतं. चौकशी नाही, गाव गोत्यात नाही, काही नाही. गोरोबासाठी ज्यांना शब्द सापडत नव्हते त्यांना पुतण्यासाठी एका सकाळीत सापडले. मी पेढा घेतला नाही.

त्याच आठवड्यात गोरोबाला रजिस्टर पोस्टानं कागद आला. कंपनीचं लांबट पाकीट. त्यानं ते फोडलं नव्हतं, माझ्याकडूनच वाचून घ्यायचं होतं. मी वाचलं. 'आपण कंपनीचे कर्मचारी अथवा अधिकृत प्रतिनिधी नसताना, खाजगी इसम असूनही, उच्चदाब वाहिनीवर अनधिकृतपणे काम केल्याचे परमिट नोंदवहीवरून निदर्शनास आले आहे. आपणावर कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा.'

बावीस वर्षांनी त्याला पद मिळालं होतं, खाजगी इसम. आणि गोरोबा म्हणाला, "आक्का, मदलं पुन्यांदा वाचा."

"कुठलं मदलं?"

"काम केल्याचे."

मी वाचलं.

"लिवलंय न? म्या लाईनवर काम केलं म्हनून? कंपनीनंच लिवलंय न?" त्यानं कागद हातातून घेतला, नीट घडी केली आणि निळ्या फाईलच्या रिकाम्या कप्प्यात सरकवला. दुसऱ्या दिवशी त्याची झेरॉक्स घेऊन तो एजन्सीच्या ऑफिसला गेला. एवढा भाबडेपणा मी जन्मात पाहिला नाही, आणि त्याला अडवायचं धैर्यही मला झालं नाही. तिथला कारकून म्हणाला म्हणे, "हा अनुभवाचा दाखला नाही, ही गुन्ह्याची नोटीस आहे." गोरोबानं त्याला विचारलं, "पन काम केलं त्ये खरं हाय न?" त्यावर शिपायानं त्याला बाहेर काढलं.

खुलासा लिहून द्यायला तो माझ्याकडंच आला, माझं अक्षर बरं आहे म्हणून. या वेळी मी चष्मा आधी डोळ्यांवर लावला. लिहिलं, 'होय, मी काम केले. फक्त त्या दिवशी नाही, बावीस वर्षे केले. तुमच्या पाच वायरमननी ते माझ्याकडून करून घेतले.' पाचांची नावं लिहिली, बोटं कशी गेली ते लिहिलं. खाली गोरोबाची सही घेतली. त्याच्याखाली साक्षीदार म्हणून माझी सही केली, आणि पुरावा म्हणून लिहिलं की माझ्या गिरणीला विनामंजुरी दोन खांबांवरून आलेली लाईन याच माणसानं माझ्या सांगण्यावरून ओढली, येऊन बघावी.

वाचून दाखवल्यावर तो घाबरला. "गिरनीचं खोडा आक्का. लाईन तोडतील तुमची."

मी खोडलं नाही. त्यानं बराच वेळ विनवलं. स्वतःवर नोटीस आलेला माणूस माझ्या दिव्याची काळजी करत होता. मी त्याच्यावर खेकसले, "एकदा तरी तुझं बघ की रे!"

कंपनीनं त्या खुलाशाचं काय केलं कुणाला माहीत. पाच वायरमनपैकी कुणाला काही विचारल्याचं ऐकलं नाही. गावातल्या दुसऱ्या कुणाची वायरही तपासली नाही. पण माझ्या दोन खांबांचं मात्र लगेच मनावर घेतलं. पंधरा दिवसांत जीप आली. मुळे उतरले, आणि मागून श्रीशैल. डोक्याला पिवळं हेल्मेट, कमरेला पट्टा, हातात कोरे हातमोजे, छातीवर नावाचं कार्ड. माझी लाईन तोडायचं त्याचं पहिलं काम.

त्यानं ओढ्याकडच्या खांबाला शिडी लावली आणि तिथंच उभा राहिला. पाय उचलेना. मुळे जीपमध्ये बसून फोनवर बोलत होते. मी दारात उभी, जात्यात शेवटचं दळण चाललेलं. श्रीशैलनं वळून गिरणीच्या पायरीकडं बघितलं. गोरोबा तिथंच बसला होता.

तो उठला आणि खांबापाशी गेला.

"परमिट घेतलं?"

"घेतलं काका. आता पाडतील."

"दोन्ही फीडरचं?"

"दोन्हींचं."

"कुनाच्या नावावर?"

"माझ्या," श्रीशैल म्हणाला, आणि त्यानं मान खाली घातली.

"मंग गिरनी थांबली की चढ. घाई करू नगं."

पट्टा ढिला पडला, गिरणी थांबली. पोरगं एकेक पायरी वर जाऊ लागलं. शिडीचा बुडखा चिखलात हलत होता. गोरोबानं पुढं होऊन ती दोन्ही हातांनी धरली, डाव्या हाताची ती न वाकणारी दोन बोटं बाहेर ताठ राहिली. बाविसाव्या वर्षी शिडी धरायला बोलावलेला हा माणूस चव्वेचाळिसाव्या वर्षी परत तिथंच उभा होता.

"गोरोबा, सोड ती शिडी!" मी दारातून ओरडले. "सोड म्हणते ना!"

"पोरगं पडंल आक्का," तो वर बघतच म्हणाला आणि त्यानं शिडी सोडली नाही.